आमच्या नदीचं माहेर

जंगलात दडलेलं, जगाच्या टोकावरचं गाव बघायचं तर पासपोर्ट हवाच असं नाही. कधी कधी ते गाव आपल्याच जिल्ह्यात निघतं. आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला.

‘पापुआ! पुढच्या डिसेंबरला. फिक्स!’

शनिवारची संध्याकाळ, कोथरूडमधला आमचा नेहमीचा कॅफे. ग्रुपमधला सॉफ्टवेअरवाला मित्र मोबाइल टेबलावर आडवा ठेवून आम्हाला एक डॉक्युमेंटरी दाखवत होता. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, पापुआच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अस्मत नावाच्या आदिवासींचा मुलूख आहे. घनदाट पर्जन्यवन, चिखल आणि नद्याच नद्या. घरं खांबांवर, गल्ल्या म्हणजे चिखलावर उभारलेले फळ्यांचे पूल. सागो माडाच्या खोडातला गर हे रोजचं जेवण. आणि लाकडावरची कोरीव कला अशी, की न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांचे पूर्वजांचे उंचच उंच खांब मांडून ठेवलेत. 1961 मध्ये मायकेल रॉकफेलर नावाचा अब्जाधीशाचा मुलगा हीच कला गोळा करायला तिकडे गेला आणि परत आलाच नाही. आमचा मित्र एकदम भारावलेला. ‘तिथली माणसं नदीच्या नावानेच स्वतःची ओळख सांगतात यार,’ तो म्हणाला.

मग त्याने सहज विचारलं, ‘तुझं कोल्हार पण नदीकाठीच ना? प्रवरा. ती कुठून येते गं?’

‘सह्याद्रीतून,’ मी म्हटलं. एवढंच. पुढे काही सुचेना. मास कॉमची पदवी, पाच वर्षं फ्रीलान्सिंग, दोनदा थायलंड, एकदा व्हिएतनाम. आणि जिच्या पाण्यावर मी वाढले, ती नदी नक्की कुठून येते, याचं उत्तर चौथीच्या भूगोलाइतकंच. लाज वाटली. खरंच वाटली.

पुलावरचं गाव

तुम्ही शिर्डीला गेला असाल, तर कोल्हार तुम्ही पाहिलेलं आहे. म्हणजे पाहिलेलं नाहीये, ओलांडलेलं आहे! नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेचा मोठा पूल लागतो ना, तेच. पुलाच्या एका बाजूला राहुरी तालुका, दुसऱ्या बाजूला राहाता. गावात भगवतीमातेचं मंदिर आणि चहूकडे ऊस. शेजारीच लोणी. तिथे 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि आमच्या पंचक्रोशीचं नशीब पालटलं. शाळा, कॉलेजं, दवाखाने, माझ्या पुण्यातल्या हॉस्टेलची फी. मागे मागे जात राहिलं की सगळं उसापाशी येऊन थांबतं. आणि ऊस येऊन थांबतो पाण्यापाशी.

आता गंमत बघा. आमच्याकडे वर्षाला पाऊस पडतो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यावर उसाचं पोट भरत नाही. आमचा ऊस उभा आहे तो पाटाच्या पाण्यावर. लहानपणी रात्री-बेरात्री अण्णा बॅटरी आणि फावडं घेऊन ‘दारं धरायला’ निघायचे ते मला लख्ख आठवतं. दारं धरायची म्हणजे चारीतून आलेलं पाणी एकेका सरीत वळवायचं. आवर्तन सुटलं की घरात वेगळंच चैतन्य यायचं. सात नंबरचा फॉर्म, पाटकऱ्याची मर्जी, ‘टेल’ला पाणी पोचलं का याची चर्चा. आमच्या घरात क्रिकेटच्या स्कोअरइतक्याच आस्थेने धरणाचा स्कोअर विचारला जायचा. ‘भंडारदरा किती भरलं?’

पुढच्या वीकेंडला घरी गेले तेव्हा अण्णांना विचारलं, ‘अण्णा, तुम्ही कधी प्रवरेचा उगम पाहिलाय?’

वय वर्षं बासष्ट. चाळीस वर्षं याच पाण्यावर शेती. म्हणाले, ‘धरणाच्या भिंतीपर्यंत गेलतो एकदा, शेतकऱ्यांच्या सहलीत.’

‘आणि भिंतीच्या मागे?’

‘मागं काय असायचंय? पाणी!’

ठरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात चुलतभावाची जुनी आल्टो मागून घेतली आणि आम्ही बापलेक नदीच्या उलट्या दिशेने निघालो.

उलटा प्रवास

नदीच्या उलट्या दिशेने जाण्यात एक मजा असते. आपण रोज जे बघतो त्याचं कारण पुढे पुढे उलगडत जातं. लोणी, मग संगमनेर. संगमनेरजवळ ओझरचा बंधारा. इथूनच प्रवरेचे उजवा आणि डावा असे दोन कालवे निघतात. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. ‘हे आपलं दार,’ म्हणाले. त्यांच्या सगळ्या रात्री या दारातून सुटलेल्या पाण्याच्या मागे गेलेल्या.

अकोले सोडलं आणि ऊस संपला. अगदी डोळ्यांदेखत. सपाट जमीन संपली, चढ सुरू झाला, लाल माती आली. वाटेत निळवंडे धरणाचा फुगवटा दिसतो. या धरणाची पायाभरणी 1970 सालची आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं 2023 मध्ये. त्रेपन्न वर्षं! एखाद्या प्रोजेक्टची डेडलाइन पुढे गेली म्हणून आपण बॉसला शिव्या घालतो, तेव्हा हा आकडा आठवावा.

राजूरला पेढ्यांसाठी थांबलोच. राजूरचा पेढा न घेता पुढे जाणं म्हणजे लोणावळ्याहून चिक्कीशिवाय येणं. पुढे रंधा धबधबा, आणि मग शेंडी. धरणाचं गाव.

भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी बांधलं. काम सुरू झालं 1910 मध्ये, उद्घाटन 1926 च्या डिसेंबरात, गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. म्हणून नाव विल्सन डॅम, आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक. उंची सुमारे 82 मीटर, म्हणजे पंचवीसेक मजली इमारत, आणि तीही दगडी. पोटात अकरा टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण 2,830 कोटी लिटर. याला अकराने गुणा. माझा मोबाइलचा कॅल्क्युलेटर शून्यं दाखवून दमला.

अण्णांनी चपला काढून भिंतीला हात जोडले. मला हसू आलं नाही. या भिंतीने आम्हाला जेवायला घातलंय, हे मलाही कळत होतं.

भिंतीच्या मागे

बहुतेक टुरिस्ट इथूनच परत फिरतात. धरण, धबधबा, कणीस, फोटो, घरी. पण रस्ता पुढे जातो. जलाशयाला वळसा घालत, कधी पाण्याच्या काठाने, कधी दाट झाडीतून, रतनवाडीकडे. डोक्यावर रतनगड. आणि अलीकडे-पलीकडे कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत पसरलेलं अभयारण्य. 1986 पासूनचं. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक, 1,646 मीटर. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर. जागोजाग करवंदाच्या जाळ्या, आणि रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात करवंदं विकणारी पोरं.

हे पापुआसारखं पर्जन्यवन नाही, मान्य. पण पावसाच्या बाबतीत हा कोपरा कमी समजू नका. शेजारच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. कोल्हारच्या दहापट! तोच जिल्हा, तीच नदी, मध्ये सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. कालपर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो आणि आता अहिल्यानगर म्हणतो, त्या जिल्ह्याची ओळख दुष्काळी. आणि त्याच जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही.

रतनवाडीत आम्ही एका घरगुती मुक्कामी उतरलो. कौलारू घर, शेणाने सारवलेली पडवी, आत भाताची कणगी. घरच्या मावशी पन्नाशीच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘कुठलं पाव्हणं?’

‘कोल्हारचे,’ अण्णा म्हणाले.

‘म्हंजी खालचं,’ मावशी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

अण्णा जरा चमकले. आयुष्यात त्यांना कुणी ‘खालचं’ म्हटलं नव्हतं. उलट आमच्याकडे जायकवाडीचा विषय निघाला की आम्ही ‘वरचे’ असतो. तिकडे पैठणला, नाशिक-नगरच्या धरणांतून मराठवाड्यासाठी पाणी सोडायची वेळ आली की आमच्याकडे रस्ते अडवले जातात. 2005 च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आलं, 2023 मध्ये पुन्हा पाणी सोडायचे आदेश निघाले, आणि पुन्हा तेच वाक्य ऐकू आलं: ‘आमचं पाणी पळवलं.’ अण्णांनीही ते वाक्य कैक वेळा म्हटलंय. मी पण म्हटलंय. हॉस्टेलमध्ये औरंगाबादच्या रूममेटशी मी यावरून कचाकचा भांडले होते.

अमृताची पंगत

दुपारी अमृतेश्वराच्या देवळात गेलो. काळ्या दगडातलं, सुमारे हजार वर्षांपूर्वीचं हे देऊळ बघायला म्हणून तरी या गावात याच. बाहेरून-आतून एकही दगड कोरा नाही. जवळच कोनाड्यांची सुंदर पुष्करणी. गडावरून उतरणारे ओढे गावाशेजारून जलाशयात शिरतात. अण्णा एका ओढ्याच्या पात्रात उभे राहिले. जूनची सुरुवात, त्यामुळे धार करंगळीएवढी. ‘हीच?’ त्यांनी विचारलं. हीच. कोल्हारच्या लांबलचक पुलाखालची प्रवरा इथे एका उडीत ओलांडता येते.

प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात, आणि त्याची गोष्ट फार भारी आहे. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत देवांना वाटलं ते नेवाशाला, मोहिनीने. म्हणून तिथे मोहिनीराजाचं देऊळ. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचं मुंडकं उडालं, आणि राहुरीचं नाव त्या राहूवरून पडलं, असं आमच्याकडे सांगतात. ही सगळी गावं याच नदीच्या खोऱ्यातली. लहानपणी ऐकताना राहू म्हणजे व्हिलन वाटायचा. देवळाच्या पायरीवर बसल्यावर वेगळंच मनात आलं. या नदीची मुळातली गोष्टच पंगतीत कुणाला बसू द्यायचं आणि कुणाला उठवायचं, याची आहे.

रतनवाडी आणि आजूबाजूची बहुतेक वस्ती महादेव कोळ्यांची. हे या डोंगरांचे जुने मालक. याच तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध बंड केलं. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. म्हणजे 1857 च्या उठावाच्या नऊ वर्षं आधी. आम्हाला शाळेत हे कुणी शिकवलं नाही. मावशींच्या घरातल्या सातवीच्या पोराला तारखेसकट पाठ होतं.

गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला वाघदेव होता. कोरलेला वाघ, शेजारी चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात: आमची गुरं सांभाळ. मला मित्राची डॉक्युमेंटरी आठवली. अस्मत लोकांच्या कथेत पहिली माणसं लाकडातूनच कोरलेली आहेत. ढोल वाजवला आणि ती जिवंत झाली. जंगलात राहणाऱ्या माणसाला जे जपायचं असतं, ज्याची भीती असते, ते तो कोरून ठेवत असावा. तिकडे पूर्वज, इकडे वाघ.

आधी पाणी जातं

रात्री काजवे पाहिले. त्यावर लिहिताना शब्द जपून वापरते, कारण ‘जमिनीवर उतरलेलं आकाश’ वगैरे तुम्ही दरवर्षी वाचता. एवढंच सांगते: एका सादड्याच्या झाडावर हजारो दिवे एका तालात लागत होते, विझत होते, आणि माझे अण्णा, जे सिनेमातसुद्धा झोपतात, अर्धा तास मान वर करून उभे होते.

मग मागच्या माळावर कुणाच्या तरी गाडीचा म्युझिक सिस्टिम सुरू झाला. काठावर तंबूंची रांग, हेडलाइट, बार्बेक्यू. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत इथे आपलीच गर्दी असते. पुणे, मुंबई, नाशिक. काजव्याचा तो प्रकाश म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. तुमचा फ्लॅश आणि हेडलाइट त्यात आला की सिग्नलच तुटतो. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात, गोगलगायी खातात. त्या मातीवर गाड्या आणि शेकडो बूट फिरले की पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच संपले. वनखात्याने अलीकडे वेळा आणि प्रवेशावर बंधनं घातली आहेत. पण माणूस स्वतःहून दिवा विझवेल, तेव्हाच खरं.

खरी गोष्ट मात्र सकाळी कळली. पहाटे साडेपाचला जाग आली ती हंड्यांच्या आवाजाने. मावशींची सून आणि पुतणी पाण्याला निघाल्या होत्या. मी पण गेले. पाऊण तास गेला. समोर, खाली, आर्थर लेक पसरलेला. आणि आम्ही डोंगराच्या कुशीतल्या एका झऱ्यावर वाटीने हंडा भरत होतो. शहाळ्याएवढ्या खड्ड्यात पाणी पाझरणार, साचणार, मग वाटी. वरच्या वाड्यांची तर याहून वाईट गत, असं पुतणी म्हणाली. उन्हाळ्यात या पट्ट्यातल्या काही वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते.

हे कसं काय? पाच हजार मिलिमीटर पाऊस आणि वाटीने पाणी?

उत्तर अण्णांनी दिलं. शेतकऱ्याला जमीन वाचता येते. त्यांनी पायाने माती उकरली. वीतभर माती, खाली काळा कातळ. ‘इथं पाणी मुरणारच नाही,’ ते म्हणाले. ‘पडलं की निघालं.’ चार महिन्यांत जे पडतं ते सगळं उतारावरून धावत सुटतं आणि भिंतीपाशी जाऊन थांबतं. तिथून ते कालव्यात, कालव्यातून सरीत. राहता राहिलं जलाशयातलं पाणी. पण शेत वर आणि पाणी खाली. उचलायचं तर मोटार हवी, वीज हवी, पाइपलाइन हवी, परवाना हवा. नदी आमच्याकडे उताराने येते, फुकट. त्यांच्याकडे तीच नदी चढाने न्यावी लागते. घाटघरला तर पाणी डोंगरावरून खाली सोडून वीज करायचा आणि रात्री परत वर उचलायचा 250 मेगावॉटचा प्रकल्प 2008 पासून चालू आहे. म्हणजे पाणी वर चढवता येतं. प्रश्न कुणासाठी चढवायचं, एवढाच आहे.

चुलीपाशी मावशी नागलीच्या भाकरी थापत होत्या. बरोबर खेकड्याचा रस्सा. अण्णांनी विचारलं, ‘भात किती होतो?’

‘खायापुरता. काळभात हाय घरचा. राब भाजून ठिवलाय, पाऊस आला की पेरायचं, आखाडात आवणी. दिवाळीला भात घरात. मग काय नाही.’

‘मग काय नाही म्हणजे?’

‘मग माणसंबी नाही. जवान पोरं जात्यात नारायणगावला, जुन्नरला, मजुरीला. होळीपत्तोर. आधी पाणी जातं खाली, त्याच्या मागनं माणसं.’

त्या हे अगदी सरळ बोलल्या. तक्रारीचा सूर नव्हता. भाकरी उलटली आणि मग विचारलं, ‘दादा, तुमचा ऊस किती?’

‘सहा एकर,’ अण्णा म्हणाले.

‘चांगला येतो?’

‘चांगला येतो.’ मग थोड्या वेळाने, ‘पाणी आहे ना.’

‘व्हय,’ मावशी म्हणाल्या. ‘आमच्याच दारावरनं जातं.’

पुढे कुणी काही बोललं नाही. अण्णांनी आणखी एक भाकरी मागून घेतली, जी ते एरवी शुगरमुळे घेत नाहीत.

मावशींनीच मग विषय बदलला. सासऱ्यांच्या वडिलांची भातखाचरं पाण्याखाली गेली, हे त्या अशा सांगत होत्या जशी काल घडलेली गोष्ट. धरणाचं काम चालू होतं त्याच काळात, 1921 मध्ये, मुळशीला सेनापती बापट उभे राहिले होते. त्या लढ्याचं नाव इतिहासात आहे. इथल्या खाचरांचा हिशोब मात्र चुलीपाशीच ऐकायला मिळतो.

रडगाणं गाण्याचा हेतू नाही हं. हा तालुका रडत बसलेला नाही. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेत गेल्या नाहीत, पण देशी वाणांची बियाणं अशी जपली की त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. 2020 ची पद्मश्री त्यांना मिळाली. मावशींच्या घरात काळभाताचं बी वेगळं बांधून ठेवलं होतं. ते विकायचं नसतं, असं त्यांनी मला बजावलं. आणि घरगुती मुक्कामाचे पैसे हातात आल्यामुळे यंदा सून मजुरीला गेली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. चार खोल्यांचा छोटासा धंदा. पण एक बाई आणि तिची दोन लेकरं दिवाळीनंतरही गावात राहिली.

पाऊस आला

निघायच्या दिवशी दुपारी तो आला. आधी रतनगड दिसेनासा झाला, मग देऊळ, मग समोरचं झाड. कौलांवर असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. वळवाचा नव्हे, असा सरळ, जाड पाऊस मी कोल्हारला कधी पाहिला नाही. तासाभरात कालचा करंगळीएवढा ओढा लाल होऊन धावायला लागला. मावशींची पोरं पडवीतून ओरडत बाहेर पळाली. मावशी दारात उभ्या राहून राबाकडे बघत होत्या. मी आणि अण्णा ओढ्याकडे.

‘हे आपल्याकडे कधी पोचंल?’ मी विचारलं.

अण्णांनी मनातल्या मनात हिशोब केला. धरण, निळवंडे, ओझर, कालवा. ‘आत्ता नाही पोचायचं,’ म्हणाले. ‘साठवतील. पोचंल ते हिवाळ्यात. आवर्तन सुटंल तेव्हा.’ मग म्हणाले, ‘तोवर यांच्याकडं वाटी.’

परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत. अकोल्याच्या पुढे ऊस दिसायला लागला, तेव्हा त्यांनी काच खाली केली. बस्स.

या ट्रिपने काही बदललं का? आमचा सहा एकर ऊस आहे तिथेच आहे. पण अण्णांनी यंदा दोन एकराला ठिबक घातलंय. कारण विचारलं तर ‘मजुरी वाचते’ म्हणतात. असेल.

गेल्या महिन्यात मी घरी होते. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर नेहमीची मंडळी बसलेली, विषय नेहमीचा. जायकवाडी. कुणीतरी म्हणालं, ‘आमचं पाणी खालच्यांनी न्यायचं म्हणजे काय?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णा बशीत चहा ओतत होते. म्हणाले, ‘आपण बी खालचेच आहोत.’

कुणाला काही कळलं नाही. एकाने विचारलं, ‘कोणाचे?’

‘रतनवाडीचे,’ अण्णा म्हणाले. ‘एकदा जाऊन या.’

माझा पापुआवाला मित्र अजून डिसेंबरची तिकिटं बघतोय. त्याने जरूर जावं. मी पण जाईन कदाचित. पण आता कुणी विचारलं, की तुझी नदी कुठून येते, तर मला सांगता येतं. ती एका घराच्या दारावरून येते. त्या घरात काळभाताचं बी बांधून ठेवलेलं आहे.

जायचंय?

कसं जाल: पुणे किंवा नाशिकहून संगमनेर किंवा सिन्नरमार्गे अकोले, राजूर, शेंडी आणि पुढे जलाशयाच्या काठाने रतनवाडी. मुंबईहून कसारा घाट आणि घोटीमार्गे. पेट्रोल आणि एटीएमचं काम राजूरलाच उरकून घ्या.

कधी जाल: काजव्यांसाठी मे अखेर ते जूनचा मध्य. पाऊस अनुभवायचा तर जुलै-ऑगस्ट, मात्र रस्त्याची चौकशी करून. पावसाळ्यात सांदण दरीत अजिबात उतरू नका. रतनगडाचा ट्रेक पावसाळ्यानंतर उत्तम.

कुठे राहाल: शक्यतो गावातल्या घरी. पैसे थेट त्या घरात जातात. काळभात, नागलीची भाकरी आणि पावसाळ्यात भारंगी, कुर्डू, चाई यांच्या रानभाज्या आवर्जून मागा.

काय पाळाल: काजव्यांच्या झाडाखाली जाऊ नका. फ्लॅश, टॉर्च, गाडीचे दिवे आणि गाणी बंद. प्लास्टिक परत न्या. आणि सकाळी अंघोळीला बसण्याआधी एकदा विचारा, बादली कुठून भरून आणलीय.